मुक्या पट्ट्यांचं गणित

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या होस्टेलच्या गच्चीवरचा रात्रीचा अभ्यास जवळजवळ बंद पडतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कर्जत म्हणा, खालापूर म्हणा, आजूबाजूच्या कुठल्या ना कुठल्या गावात हळद असतेच, आणि हळद म्हटली की बेंजो आलाच! वारा आपल्या बाजूचा असेल तर प्रत्येक गाणं पहिल्या कडव्यापासून ऐकू येतं. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण त्या बेंजोवाल्यांना जे काही बोलतो ते इथे छापता येणार नाही. पण त्यातल्याच एका पार्टीत कीबोर्ड वाजवणारा माणूस सकाळी आपल्याला मेसमध्ये कांदेपोहे वाढतो, हे मला बराच काळ ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका बुधवारी. काका पोहे वाढता वाढता म्हणाले, "तुम्ही ते इलेक्ट्रॉनिक्सवाले ना? माझा कॅसिओ बघाल काय जरा? मधल्या पट्ट्या वाजत नाहीत. दुकानात दाखवला, ते बोलले बोर्ड गेला, नवीन घ्या."

नवीन घ्यायचा म्हणजे त्यांचा दोन महिन्यांचा पगार. रविवारी पळसदरीच्या बाजूला हळदीची सुपारी घेतलेली. भाड्याने कीबोर्ड आणावा तर त्या रात्रीची सगळी कमाई भाड्यातच जाणार. आणि सीझनच्या पहिल्याच सुपारीला नाही म्हटलं की पार्टीत दुसरा माणूस उभा राहतो, मग पुढच्या सुपाऱ्याही त्याच्याच. काका हे सगळं हसत हसत सांगत होते, पण पोह्यांवर शेव टाकायला विसरले होते.

आम्ही तिघं रूममेट. तिघांनाही 'डिजिटल' विषयात बरे मार्क पडलेले. त्या कीबोर्डला हात लावण्याएवढी आमची पात्रता तेवढीच! तरीही शनिवारी रात्री तो वाजला. कसा वाजला ते सांगण्यासाठी हा लेख. तुमच्याही घरी माळ्यावर एखादा जुना कीबोर्ड 'काही सूर वाजत नाहीत' म्हणून पडून असेल, तर कदाचित उपयोगी पडेल.

आधी थोडा इतिहास

कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला 'कॅसिओ'च म्हणतात, जसं वनस्पती तुपाला अजून 'डालडा' म्हणतात. कॅसिओ कंपनीचं पहिलं इलेक्ट्रॉनिक वाद्य कॅसिओटोन २०१ हे १९८० सालचं. त्याला ४९ पट्ट्या होत्या आणि २९ आवाज. त्यानंतर स्वस्त आणि हलके कीबोर्ड येत गेले. पेटीसारखा भाता मारायला नको, एका हातात उचलून टेम्पोत टाकता येतो आणि स्पीकरला थेट जोडता येतो. त्यामुळे ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, भजनी मंडळात त्याने आपली जागा केली.

गंमत म्हणजे खुद्द बेंजोसुद्धा मूळचा जपानचाच म्हणायला हवा. आपला बेंजो हा बुलबुलतरंगाचा भाऊ, आणि बुलबुलतरंग आला 'ताइशोगोतो' या वाद्यावरून. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ते वाद्य तयार केलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, ही कल्पना त्यांची. तर रायगडच्या हळदीत जपानहून आलेली दोन वाद्यं शेजारी शेजारी वाजतात आणि त्यावर नाचणाऱ्या वऱ्हाडाला त्याचा पत्ताही नसतो!

काकांचा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, वीस वर्षांहून जुना, सेकंडहॅन्ड घेतलेला. वरच्या बाजूला गणपतीच्या मिरवणुकीतल्या गुलालाचा थर, खाली बॅटरीच्या कप्प्यात मुंग्यांची वारुळं. पण ऑन केल्यावर दिवे लागत होते, ऱ्हिदम वाजत होता. म्हणजे आवाज तयार करणारा भाग, अॅम्प्लिफायर, स्पीकर हे सगळं ठीक. फक्त काही पट्ट्या मुक्या होत्या. 'बोर्ड गेला' हे निदान इथेच थोडं संशयास्पद वाटलं. खरंच बोर्ड गेला असता तर बाकीच्या पट्ट्या तरी कशाला वाजल्या असत्या?

पेटी आणि कीबोर्ड यातला फरक

पेटीत एका पट्टीखाली तिचा स्वतःचा सूर असतो, म्हणजे ती पितळेची पातळ रीड. सूर मुका झाला तर त्यात कचरा अडकलाय किंवा तो तुटलाय, एवढंच. शेजारच्या सुराचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे पेटी दुरुस्त करणारा जाणकार मुक्या पट्टीखालीच बघतो, आणि त्याचं बरोबर असतं.

कीबोर्डमध्ये पट्टीखाली सूर नसतोच. पट्टी म्हणजे नुसता स्विच. पट्टी दाबली की खालच्या रबराच्या फुगीर टोपीला लागलेली काळी कार्बनची टिकली सर्किट बोर्डावरच्या दोन रेघांवर टेकते आणि त्या दोन रेघा जोडल्या जातात. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तसंच. कुठली पट्टी दाबली गेली हे मुख्य आयसीला कळतं आणि मग आवाज तो तयार करतो.

आता प्रश्न असा, की ६१ स्विच आयसीला जोडायचे कसे? प्रत्येकाला वेगळी वायर द्यायची तर ६१ वायरी आणि एक कॉमन, म्हणजे ६२. एवढे पाय आयसीला द्यायचे तर तो महाग होणार. म्हणून सगळ्या कंपन्या मॅट्रिक्स वापरतात. हे सेकंड इयरला शिकलेलो असतो, फक्त तेव्हा परीक्षेपुरतं असतं!

होस्टेलची हजेरी

मॅट्रिक्स समजायला आपलं होस्टेल डोळ्यासमोर आणा. समजा इमारत आठ मजली आहे आणि प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या आहेत. रात्री हजेरी घ्यायची आहे. वॉचमनमामा एका वेळी एकाच मजल्याचा मेन स्विच ऑन करतात. खाली मैदानात आठ जण उभे आहेत. पहिला माणूस फक्त सगळ्या मजल्यांच्या पहिल्या खिडक्या बघतो, दुसरा फक्त दुसऱ्या, असे आठ. खोलीत मुलगा असेल तर त्या खिडकीत दिवा दिसतो. चौथ्या मजल्याची वीज चालू असताना तिसऱ्या माणसाला दिवा दिसला, तर चौथ्या मजल्यावरच्या तिसऱ्या खोलीतला मुलगा हजर.

आठ मेन स्विच आणि आठ बघणारे, म्हणजे फक्त १६ जणांत ६४ खोल्यांची हजेरी झाली. कीबोर्डमध्येही तेच. ८ आडव्या आणि ८ उभ्या, अशा १६ वायरींत ६४ स्विच बसतात. त्यातल्या ६१ वर पट्ट्या, तीन जागा रिकाम्या. आयसी ही हजेरी इतक्या भराभर घेत राहतो, की पट्टी दाबल्या दाबल्या सूर आल्यासारखं वाटतं.

आता खरी गोष्ट इथे आहे. या हजेरीत चूक तीन प्रकारे होऊ शकते.

एक, एखाद्या खोलीचा बल्बच गेला. मग फक्त तो एक मुलगा गैरहजर लागेल.

दोन, एखाद्या मजल्याचा मेन स्विच बिघडला. मग ओळीने आठ मुलं गैरहजर.

तीन, खाली उभा असलेला एक जण झोपला! मग प्रत्येक मजल्यावरची त्या नंबरची खोली गैरहजर, म्हणजे दर आठवा मुलगा.

मुलं सगळी खोलीतच आहेत. पण गैरहजेरीची यादी बघून चूक कुठे आहे ते तुम्ही इमारतीत पाऊल न टाकता सांगू शकता.

स्क्रू ड्रायव्हरच्या आधी पेन्सिल

आम्ही कीबोर्ड कॉटवर ठेवला आणि लगेच उघडायला निघालो. काका म्हणाले, "आधी वाजवून तरी बघा." बरोबर होतं त्यांचं. एका कागदावर १ ते ६१ आकडे लिहिले आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत गेलो. वाजली तर टिक, मुकी असेल तर फुली, जोरात दाबल्यावरच वाजली तर प्रश्नचिन्ह.

काका त्यांच्या भाषेत सांगत होते. पेटीवाले आणि भजनवाले सुरांना पट्टीच्या रंगावरून ओळखतात हे तुम्हाला माहीत असेलच. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, सी शार्प म्हणजे काळी एक, असं. काकांची तक्रार अशी होती : "खालच्या सप्तकात पांढरी दोन गेली, काळी पाच गेली. वरती आलं की पांढरी दोन वाजते, पण काळी तीन नाही. अजून वरती परत पांढरी दोन बंद. काय ताळमेळच नाही!"

गाणाऱ्याच्या कानाला खरोखरच ताळमेळ नव्हता. पण कागदावरच्या फुल्यांचे आकडे असे आले :

३, ११, १९, २७, ३५, ४३, ५१, ५९.

बघा बरं! प्रत्येकात आठचा फरक. सप्तक बारा पट्ट्यांचं आणि मॅट्रिक्सची ओळ आठांची. बारा आणि आठ यांचा मेळ सरळ बसत नाही, म्हणून सुरांच्या भाषेत ती यादी पांढरी दोन, काळी पाच, काळी तीन, पुन्हा पांढरी दोन अशी वेडीवाकडी दिसते. मोजलं की सरळ रेघ. खाली उभ्या असलेल्या आठ जणांपैकी तिसरा झोपला होता, म्हणजे एकच उभी लाइन तुटली होती. आठ सूर मेले नव्हते, एक वायर मेली होती!

आणखी एक गोष्ट त्याच कागदावरून कळली. पट्ट्यांखालचा लांब बोर्ड बहुतेक वेळा दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये जोड असतो. फक्त उजवीकडच्या तीन-चार पट्ट्या मुक्या असत्या तर जोडापाशी संशय घेतला असता. इथे पहिल्या मजल्यापासून आठव्यापर्यंत सगळ्या बंद होत्या. म्हणजे तुटलेली जागा पहिल्या पट्टीच्याही आधी, मुख्य बोर्डाकडून येणाऱ्या केबलपाशीच असायला हवी.

हा कागद हातात आल्यावर आम्ही पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

उघडताना

उघडण्याआधी अॅडॅप्टर काढायचा, बॅटऱ्या काढायच्या. तुमच्या कीबोर्डला अॅडॅप्टर नसून थेट २३० व्होल्टची वायर आत जात असेल, तर तो रूमवर उघडू नका. सरळ लॅबमध्ये सरांसमोर न्या.

मागच्या बाजूला वीसेक स्क्रू असतात आणि ते एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचं प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो. म्हणून कागदावर कीबोर्डची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवला. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. आमच्या बॅचचा एक हुशार म्हणाला, "लक्षात राहतं रे." राहत नाही.

आत उघडल्यावर पहिल्यांदा गुलालाचा वास आला. पट्ट्यांच्या फटीतून गुलाल आत, बुक्का आत, तांदळाचे दाणे, एक टिकली आणि पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. त्यात आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर घाटपायथ्याला कपडे वाळत नाहीत, तिथे पलंगाखाली पिशवीत ठेवलेला कीबोर्ड कोरडा कसा राहणार? पत्र्याच्या शील्डवर गंज चढला होता.

मुख्य बोर्डापासून पट्ट्यांच्या बोर्डापर्यंत राखाडी रंगाची चपटी केबल होती. मोजल्या तर बरोबर १६ तारा. मल्टिमीटर बझरवर लावला आणि प्रत्येक तारेची दोन्ही टोकं तपासली. पंधरा वाजल्या, एक मुकी. केबल थोडी वाकवली की मध्येच 'टुक' करायची आणि पुन्हा गप्प. भिंगातून बघितलं तर सोल्डर जिथे संपतो तिथेच तार तुटलेली. अशा कडक तारा नेमक्या तिथेच तुटतात, कारण कीबोर्ड उघडला की दर वेळी केबल त्याच जागी वाकते. तो यापूर्वी किती वेळा उघडला गेला होता, देव जाणे.

तारेचं टोक सोलून पुन्हा सोल्डर केलं. २५ वॉटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पुरे होते. सगळं नीट बसवलं, वीस स्क्रू आवळले आणि काकांना म्हटलं, वाजवा.

आठही पट्ट्या वाजल्या! आणि नवीन आठ बंद!!

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आमचं त्याहून वाईट. पण कागद पुढ्यात होता. पुन्हा मोजलं : २, १०, १८, २६, ३४, ४२, ५०, ५८. म्हणजे शेजारची तार. बसवताना केबल वाकली आणि तिने मान टाकली. आधी हे गणित माहीत नसतं तर आम्हीही "बोर्ड गेला" म्हणून मोकळे झालो असतो. आता उघडायच्या आधीच कुठली तार ते माहीत होतं.

त्या केबलमधल्या उरलेल्या चौदा तारांवरही विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे कर्जत लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, अख्खा दिवस गेला असता. सुदैवाने लॅबच्या स्क्रॅपमध्ये बारीक तारांची लवचिक रिबन केबल सापडली. १६ तारा मोजून घेतल्या, जुन्या केबलपेक्षा थोडी जास्त लांबी ठेवली, आणि दोन्ही टोकांना ग्लू गनने गोंद लावून ती बोर्डाला पक्की केली. आता केबल वाकली तरी सोल्डरपाशी ताण येत नाही. खर्च म्हणाल तर ग्लू गनच्या दोन कांड्या.

प्रश्नचिन्हवाल्या पट्ट्या

राहिल्या त्या जोरात दाबल्यावर वाजणाऱ्या पाच पट्ट्या. या सगळ्या मधल्या सप्तकातल्या, ज्या जास्त वाजतात त्याच. त्यांच्या आकड्यांत कुठलंही गणित नव्हतं. गणित नाही म्हणजे प्रत्येकीचा आजार वेगळा, म्हणजे 'खोलीचा बल्ब'. बहुतेक जुन्या कीबोर्डांत हाच दोष असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खात्री करून घ्या. कीबोर्ड उघडा असताना फक्त बॅटरीवर चालू करा. मुक्या पट्टीखालची रबराची पट्टी उचला आणि बोर्डावरच्या त्या दोन काळ्या रेघा वायरच्या छोट्या तुकड्याने क्षणभर जोडा. सूर आला तर बोर्ड निर्दोष, दोष कार्बनच्या टिकलीत किंवा रेघांवरच्या मळात. सूर आला नाही तर त्या पट्टीचा डायोड तपासा. मल्टिमीटरच्या डायोड सेटिंगवर एका बाजूने साधारण ०.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि उलट्या बाजूने काही नाही.

हा डायोड कशाला, असं काकांनीही विचारलं. समजा तो नाही आणि तुम्ही पहिली, तिसरी आणि अकरावी पट्टी एकदम दाबली. आता दुसऱ्या मजल्याची वीज चालू झाली की ती अकराव्या पट्टीतून तिसरीत, तिसरीतून उलटी पहिलीत आणि तिथून पहिल्या उभ्या लाइनीत पोचते. आयसीला वाटतं, नववी पट्टीही दाबली आहे! न दाबलेला सूर वाजतो. डायोड म्हणजे वन-वे, वीज उलटी फिरू देत नाही. तेव्हा एकच पट्टी मुकी असेल आणि टिकली स्वच्छ असेल, तर तो डायोड उडालेला असू शकतो. दोन रुपयांचं काम.

टिकली आणि रेघा साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्या. काडी ओली करा, भिजवू नका. हलक्या हाताने पुसा, कोरडं होऊ द्या, नंतर बोट लावू नका. कारण बोटाचं तेल पुन्हा तोच थर देतं. रबराची अख्खी पट्टी फारच मळलेली असेल तर सुटी काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येते. मात्र ती पूर्ण वाळली पाहिजे, आपल्याकडे पावसाळ्यात त्याला दोन दिवस धरून चाला. परत बसवताना रबराची बारीक शेपटं भोकांत पूर्ण ओढली गेली आहेत ना, हे बघा. एखादं राहिलं तर पट्टी दाबताना टिकली तिरकी टेकते आणि सूर कधी वाजतो, कधी नाही.

साफ झालं की नाही हे मोजायचं असेल तर टिकली दाबून धरून त्या दोन रेघांमधला रेझिस्टन्स बघा. कुठला आकडा चांगला, हे पाठ करण्यापेक्षा शेजारच्या नीट वाजणाऱ्या पट्टीशी तुलना करा. तिच्या कितीतरी पट जास्त येत असेल तर अजून मळ आहे किंवा टिकली झिजली आहे.

आता काय करू नये ते. पेट्रोल आणि थिनर नको, रबर फुगतं. पॉलिश पेपर तर अजिबात नको. हे मी अनुभवाने सांगतोय. शाळेत असताना शेजारच्या ताईच्या छोट्या कीबोर्डची एक पट्टी वाजत नव्हती. मी मोठ्या आत्मविश्वासाने बोर्डावरच्या काळ्या रेघा पॉलिश पेपरने घासून 'चकचकीत' केल्या. त्या काळ्या रेघा म्हणजे मळ नव्हता, तोच कार्बनचा थर होता! एकाऐवजी चार पट्ट्या कायमच्या गेल्या. ताई काही बोलली नाही, पण नंतर तिने मला इस्त्रीसुद्धा दुरुस्त करायला दिली नाही.

पाचपैकी तीन पट्ट्या साफ केल्यावर ठणठणीत झाल्या. दोघींच्या टिकल्याच झिजल्या होत्या. त्यावर आम्ही एक जुगाड केला. सगळ्यात वरच्या टोकाच्या, काका कधीच वाजवत नाहीत अशा दोन जागांचं रबर कापून मधल्या जागी बसवलं आणि झिजलेलं वर लावलं. शेवटच्या दोन पट्ट्या आजही जोरात दाबाव्या लागतात. काका म्हणाले, "तिकडं कोण जातंय?"

तुमचा कीबोर्ड वेगळा असेल तर

सगळ्या कीबोर्डांत आठाचीच ओळ असते असं नाही. काहींत सहाची, काहींत बाराची असते. म्हणून आठ पाठ करू नका, फुल्यांमधलं अंतर मोजा. जे अंतर पुन्हा पुन्हा येईल ती तुमची ओळ. सलग पट्ट्यांचा एक गठ्ठा बंद असेल, उदाहरणार्थ मधल्या सा पासून प पर्यंतच्या काळ्या-पांढऱ्या मिळून आठही पट्ट्या, तर मजल्याची लाइन तुटली आहे.

पट्टी हळू दाबली की हळू आणि जोरात दाबली की मोठा आवाज येतो, असा कीबोर्ड असेल तर त्यात एका पट्टीखाली दोन टिकल्या असतात. एक आधी टेकते, दुसरी किंचित नंतर. मधला वेळ मोजून आयसी जोर ठरवतो. त्यातली एक मळली की सूर बंद तरी पडतो किंवा कसाही दाबला तरी एकाच जोराने वाजतो. तेव्हा दोन्ही साफ करा.

आणि खूपच जुना, सत्तरच्या दशकातला ऑर्गन मिळाला आणि त्यात एकच सूर, समजा पांढरी चार, सगळ्या सप्तकांत बंद असेल, तर पट्ट्यांना हात लावू नका. त्या काळच्या बऱ्याच वाद्यांत सगळ्यात वरच्या सप्तकाचे बारा सूर तयार करून, त्यांची फ्रिक्वेन्सी दर वेळी निम्मी करत खालची सप्तकं मिळवत असत. वरचा एक गेला की त्याचं सगळं खानदान गप्प. तिथे दोष त्या सुराच्या आयसीकडे शोधायचा.

अॅडॅप्टर हरवला असेल तर दुसरा लावताना व्होल्ट आणि प्लगच्या आतला प्लस-मायनस, दोन्ही कीबोर्डवरच्या चिन्हाशी जुळवून घ्या. उलटा लागला तर मात्र खरंच 'बोर्ड गेला' म्हणायची वेळ येईल.

रविवार

रविवारी रात्री आम्ही तिघंही गच्चीवर होतो. पळसदरीकडचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो की नाही, याची पैज लागली होती. पोचला, अगदी बारीक. त्यात कीबोर्ड कुठला आणि बेंजो कुठला ते काही ओळखू आलं नाही. सोमवारी सकाळी काकांनी एवढंच सांगितलं, "रात्रभर चालला. केबल वाकवली नाही मी." आणि पोह्यांवर शेव जरा जास्तच पडली.

त्यांनी तो फुल्यांचा कागद मागून घेतला आणि कीबोर्डच्या पिशवीत ठेवला. आता त्यांच्या ओळखीतल्या कुणाच्या कीबोर्डच्या पट्ट्या बंद पडल्या की काका आधी विचारतात, "मोजल्या काय?" मागच्या महिन्यात खोपोलीकडच्या एका भजनी मंडळाचा कीबोर्ड आमच्याकडे आला तो १ ते ६१ आकड्यांच्या कागदासकट. फुल्या काकांनीच मारलेल्या होत्या, आणि दोष कुठे आहे तेही खाली लिहिलं होतं : 'चौथा मजला'.

बरोबर निघालं.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन